दहा बाय बाराच्या खोलीतला गेमिंग पीसी

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडकडे वळणाऱ्या पोरांमध्ये उपनगरांतली पोरं बरीच असतात. अंधेरी-बोरिवलीची थेट येतात, घाटकोपर-मुलुंडची दादरला गाडी बदलून. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरच्या सुट्या भागांसाठी येणारा कुणी ते नाव घेत नाही. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बॉस, साठच्या बजेटमध्ये कुठलं कार्ड बसेल?" कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड. प्रश्न रास्तच आहे. गेमिंग पीसीच्या खर्चात सगळ्यात मोठा घास बहुधा कार्डच घेतं आणि पडद्यावरच्या चित्राचं बहुतेक कामही तेच करतं. तरीही तेच कार्ड आणि तोच गेम असताना एका घरात खेळ लोण्यासारखा चालतो आणि शेजारच्या इमारतीत अडखळतो. कार्डाभोवती काय आहे, ते कुठल्या खोलीत ठेवलंय आणि त्याला वीज कशी मिळते, यावर हा फरक पडतो. दुकानदार हे विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही.

आधी मोजमाप. गेमचा वेग एफपीएसमध्ये, म्हणजे एका सेकंदात किती फ्रेम पडद्यावर येतात, यात सांगतात. आकडा उलटा करून पाहिला की जास्त कळतं. ६० एफपीएस हवे असतील तर एक फ्रेम तयार करायला यंत्राकडे १६.७ मिलिसेकंद असतात. १४४ हवे असतील तर ६.९ आणि २४० साठी जेमतेम ४.२. एवढ्या वेळात खेळाडूने दाबलेलं बटण ओळखायचं, शत्रू कुठे आहे ते ठरवायचं, भिंतीवरची सावली काढायची आणि चित्र मॉनिटरकडे पाठवायचं.

सरासरी इथे फसवते. समजा, शंभरपैकी नव्याण्णव फ्रेम ८ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि एकीला १०८ लागले. सरासरी निघते १११ एफपीएस, म्हणजे आकडा झकास. पण त्या एका फ्रेमच्या वेळी चित्र गोठतं आणि नेमकं तेव्हाच समोरचा गोळी घालून जातो. म्हणून जाणकार सरासरीबरोबर 'वन पर्सेंट लो' पाहतात, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग. एमएसआय आफ्टरबर्नरसारखं फुकट सॉफ्टवेअर हे सगळं पडद्याच्या कोपऱ्यात दाखवतं. नवा भाग विकत घेण्याआधी एक संध्याकाळ ते लावून खेळावं, असं माझं मत आहे. दुकानातल्या सल्ल्यापेक्षा त्या कोपऱ्यातले आकडे जास्त खरं बोलतात.

त्या आकड्यांत काय बघायचं? प्रोसेसर आणि कार्ड यांचं नातं पोळ्या लाटणारी आणि भाजणारी यांच्यासारखं आहे. लाटणारी मागे पडली तर तवा रिकामा तापत राहतो, भाजणारी मागे पडली तर लाटलेल्या पोळ्या पोळपाटावर साचतात. प्रत्येक फ्रेमचा आराखडा प्रोसेसर करतो आणि चित्र कार्ड रंगवतं. खेळताना कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर कार्डच मागे आहे, नवं कार्ड घेतल्याचा उपयोग होईल. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि एफपीएसवर तुम्ही स्वतः कुठलीही मर्यादा घातलेली नसेल, तर महागडं कार्ड आणूनही तवा रिकामाच तापेल.

याची सोपी चाचणी म्हणजे रिझोल्यूशन कमी करून बघणं. १०८०पी मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख आणि फोर-के मध्ये ८२.९ लाख. पिक्सेल घटले की कार्डाचं ओझं घटतं, प्रोसेसरचं नाही. रिझोल्यूशन उतरवूनही एफपीएस हलले नाहीत तर अडचण प्रोसेसरकडे आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या खेळांत हे हमखास दिसतं, कारण त्यांचं चित्र तुलनेने हलकं असतं आणि खेळाडूंना मात्र दोनशेच्या वर फ्रेम हव्या असतात. सायबरपंक २०७७ मध्ये पाथ ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढत चित्र रंगवणं, चालू केलं की उलट होतं : प्रोसेसर निवांत, कार्ड घामाघूम.

प्रोसेसरच्या बाबतीत नावाचा सापळा मोठा आहे. जुन्या सेटवर 'आय-७' असं ठळक चिकटवून ते विकले जातात आणि घेणाऱ्याला वाटतं, सात म्हणजे तीनपेक्षा मोठा. पण २०१२ च्या आय-७ ३७७० ला २०२२ चा साधा आय-३ १२१०० गेममध्ये आरामात मागे टाकतो. पिढी पाहायची, नुसता आकडा नाही. गिगाहर्ट्झवरही सगळं अवलंबून नसतं. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. त्याचा वेग आधीच्या ५८००एक्सपेक्षा थोडा कमीच होता, पण चिपवरची कॅश मेमरी ३२ वरून ९६ मेगाबाइटवर नेली होती. बहुतेक गेममध्ये तो भावापेक्षा पुढे गेला, कारण लागणारी माहिती हाताशी होती आणि रॅमकडे हेलपाटे कमी झाले.

रॅमबद्दल थोडक्यात. १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावाव्यात. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन वाहिन्यांत बसवलेल्या दोन पट्ट्या ५१.२. स्वस्त लॅपटॉप एका पट्टीवर विकतात आणि ग्राहक वर्षभर प्रोसेसरला शिव्या घालतो. दुसरी गोष्ट, डब्यावर लिहिलेला रॅमचा वेग आपोआप मिळेलच असं नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावं लागतं, नाहीतर पट्टी मूळच्या मंद वेगावर चालत राहते. याला पैसा लागत नाही.

कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं गणित जरा गमतीचं आहे. आरटीएक्स ४०६० हे कार्ड जुन्या ३०६० पेक्षा एरवी वेगवान, पण त्यात मेमरी ८ जीबी आणि ३०६० च्या प्रचलित आवृत्तीत १२. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, 'अल्ट्रा'वर ठेवले की आठ जीबी अपुरी पडते आणि उरलेलं सामान मुख्य रॅममध्ये जातं. कार्डाच्या मेमरीतून माहिती सेकंदाला २७२ जीबीने येते. मदरबोर्डच्या ज्या मार्गाने रॅममधली माहिती आणावी लागते, तो ४०६० साठी सेकंदाला १६ जीबीच्या आसपास, आणि मदरबोर्ड जुन्या पिढीचा असेल तर त्याच्या निम्मा. मग चालताचालता झटके बसू लागतात. उपाय : टेक्स्चर एक पायरी खाली आणायचे. पडद्यावर फरक क्वचितच दिसतो.

आता खोलीकडे वळू, कारण मुंबईच्या उपनगरांत खरी गंमत तिथे आहे.

गेम चालू असताना कॉम्प्युटरने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. २०० वॉटचं कार्ड, शंभरेक वॉट खाणारा प्रोसेसर, बाकी भाग आणि मॉनिटर धरले की चारशे वॉट सहज होतात. दहा बाय बाराच्या बंद खोलीत चारशे वॉटचा हीटर लावून बसल्यासारखं हे नाही. हा हीटरच आहे. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे त्याच्या क्षमतेचा नववा हिस्सा एकटा पीसी खातो. खोली दहा अंशांनी तापली की तेवढ्याच कामाला चिपही जवळपास दहा अंशांनी वर जाते, कारण पंखे कितीही जोरात फिरले तरी चिप खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही.

सांताक्रूझच्या वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश नोंदले गेले होते. ते टोकाचं झालं. नेहमीचा त्रास वेगळा आहे. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरचं वारं उशिरा सुटलं की कुलाब्यापेक्षा उपनगरं जास्त तापतात आणि खाडी-डोंगरांमधल्या मुलुंडला वाऱ्याची आणखी वाट पाहावी लागते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. अशा दुपारी खोलीत ३४ अंश, टेबलाखालच्या कप्प्यात चाळीसच्या वर.

हा कप्पा म्हणजे आपल्याकडच्या सुतारकामाचा खास नमुना. फर्निचर करताना आई-बाबा सांगतात, "सीपीयू ठेवायला जागा कर हं", आणि सुतार मापात प्लायचं खोकं करून देतो : दोन्ही बाजू बंद, मागे भिंत आणि वायर जाण्यापुरतं भोक. दिसायला नीटनेटकं. मागच्या पंख्याने फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुढच्या पंख्यातून परत आत येते. मागचं प्लाय काढून टाकणं किंवा कॅबिनेट सरळ बाहेर टेबलाशेजारी आणणं, यातून चिपचं तापमान जितकं उतरतं, तितकं कित्येकदा नव्या कूलरनेही उतरत नाही.

तापमान वाढलं की नेमकं काय होतं? कॉम्प्युटर एकदम बंद पडत नाही. एनव्हिडियाची कार्डं तापत जातात तसा आपला वेग दहा-पंधरा मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी उतरवतात. मर्यादेला टेकली की जोरात ब्रेक लावतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ अंश आहे आणि इंटेलच्या अलीकडच्या बऱ्याच प्रोसेसरांची १००. मोठ्या कॅबिनेटमध्ये हवा खेळती असेल तर उन्हाळ्यातही नुकसान दोन-चार टक्क्यांचं, त्यावर रडण्यासारखं काही नाही. कोंदट कप्प्यात आणि लॅपटॉपमध्ये मात्र पहिली दहा मिनिटं सुसाट आणि मग रखडत, असा अनुभव येतो. म्हणून पाच मिनिटांच्या चाचणीचे आकडे मे महिन्यातल्या दोन तासांच्या खेळाला लागू पडत नाहीत.

छताच्या पंख्यावर फार विसंबू नये. पंखा माणसाला गार करतो तो घाम वाळवून, आणि चिपला घाम येत नाही. याच कारणाने मुंबईची दमट हवा चिपला आपल्याइतकी छळत नाही. ३४ अंशांची दमट हवा आणि ३४ अंशांची कोरडी हवा तिला जवळजवळ सारखीच. नागपूरच्या खेळाडूला मे महिन्यात ४५ अंश सोसावे लागतात, पण त्याला खिडकीत वाळ्याचा कूलर लावता येतो आणि कोरड्या हवेत तो खोली खरंच गार करतो. घाटकोपरला तोच कूलर लावला तर खोलीत नुसता ओलावा भरतो. आपल्याला एसी नाहीतर उघडी खिडकी, दोनच पर्याय.

आणि उघड्या खिडकीतून धूळ येते. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, जिथे बघाल तिथे पुनर्विकास चालू आहे, कुठे मेट्रोचं काम आहे. सिमेंटची बारीक पूड हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि तिचा थर होतो, मग तो फुंकरीने जात नाही. वर्सोवा किंवा गोराईसारख्या किनाऱ्याजवळच्या भागात हवेतला खारटपणा भर घालतो. दोन-तीन महिन्यांनी जाळ्या धुवाव्यात आणि वर्षातून एकदा ब्लोअर मारावा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर ती मोटारीच्या नेहमीच्या वेगापेक्षा जास्त जोरात फिरून बेअरिंग खराब होतं. चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट काही वर्षांनी सुकते. चार-पाच वर्षांच्या जुन्या यंत्रात ती बदलली की तापमानात फरक दिसतो.

पावसाळ्यातला एक धोका फारसा कुणी सांगत नाही. जुलैमध्ये हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली तर दवबिंदू येतो २५ अंशांच्या आसपास. रात्रभर एसी लावून खोली २२ वर आणली आणि सकाळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या, तर गार पत्र्यावर दव धरू शकतं. चालू यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडं राहतं, बंद पडलेलं ओलं होतं. अशा वेळी लगेच बटण दाबू नये, अर्धा तास थांबावं. पावसाळाभर कॉम्प्युटर प्लॅस्टिकने झाकून ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेला बरा.

उष्णता कमी करण्याचा सगळ्यात हुशार उपाय कार्डाला थोडं कमी खायला घालणं हा आहे. शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज बरंच वाढवावं लागतं आणि लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणली तर बहुतेक कार्डांच्या फ्रेम थोड्याच घटतात, खोलीला मात्र आराम पडतो. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर २०० एफपीएस काढून उरलेल्या फ्रेमचं लोणचं घालायचं का? स्पर्धेसाठी खेळणारे सोडले तर बाकीच्यांनी मर्यादा घालावी.

बिलातही हे दिसतं. ५०० वॉट रोज चार तास म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. एसी वेगळा. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, त्यामुळे साठ युनिट नेमके वरच्या टप्प्यात जाऊन बसू शकतात. अंधेरी-बोरिवलीत अदानी किंवा टाटांची वीज आणि मुलुंड-भांडुपला महावितरणची. टप्प्यांची पद्धत सगळीकडे तीच.

विजेचा दर्जा हा आणखी एक भाग. कार्डावर सगळं बजेट उडवून कॅबिनेटबरोबर फुकट आलेलं एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, लावणारे भेटतात. कार्ड क्षणभरासाठी नेमून दिलेल्या वॉटच्या बरंच वर जातं, तेव्हा हलकं एसएमपीएस हात टेकतं आणि पीसी ऐन रंगात रीस्टार्ट होतो. लोक मग विंडोज पुन्हा टाकत बसतात. जुन्या इमारतींत अर्थिंग नसतं किंवा तुटलेलं असतं, आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. ते एसएमपीएसमधल्या फिल्टरचं काम. अर्थिंगची वायर असती तर ती वीज जमिनीत गेली असती. इलेक्ट्रिशियनला बोलवा, रबरी चपलेवर भागवू नका. यूपीएसचंही तसंच : बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो, भर गेममध्ये वीज गेली तर तोही बसतो. मुंबईत वीज क्वचित जाते, पण १२ ऑक्टोबर २०२० ला गेली तेव्हा लोकलसुद्धा थांबल्या होत्या.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की विचारावी. 'आरटीएक्स ४०६०' हे नाव लॅपटॉपवर असतं तेव्हा त्याच्या मागे किती वॉट आहेत? एनव्हिडियाने या चिपला ३५ पासून ११५ वॉटपर्यंतची मुभा दिली आहे. पातळ, सुंदर लॅपटॉपमधलं ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं ४०६० यांच्यात म्हणूनच मोठी तफावत असते. चार्जर काढून खेळलं तर आणखी घट.

काही चुका इतक्या साध्या असतात की सांगताना संकोच वाटतो. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला जोडलेली असते आणि तीस हजारांचं कार्ड रिकामं बसतं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वर राहिलेला असतो. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असतो; एसएसडीने एफपीएस फारसे वाढत नाहीत, पण मोठ्या खुल्या नकाशात धावताना बसणारे झटके कमी होतात.

खेळ कसा बनवलाय यावरही खूप काही असतं आणि तिथे खेळाडूचा इलाज चालत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, म्हणजे हातात मावणाऱ्या यंत्रावर. कॅमेरा कुठून काय दाखवेल हे त्यात खेळाडूऐवजी बनवणारे ठरवतात, त्यामुळे कुठली भिंत बारकाईने रंगवायची आणि कुठली नाही हे त्यांना आधीच माहीत असतं. उलट सिटीज : स्कायलाइन्स २ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा महागड्या कार्डांनाही धाप लागली होती. ग्राहकाने तेव्हा कार्ड बदलण्यापेक्षा पुढच्या पॅचची वाट बघणं शहाणपणाचं होतं. डीएलएसएस, एफएसआर यांच्यासारखं अपस्केलिंग कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठं करतं आणि खरोखर मदत करतं. फ्रेम जनरेशन मात्र दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने बनवलेली फ्रेम घुसवतं. आकडा वाढतो, चित्र मऊ दिसतं, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद त्याने लवकर येत नाही.

शेवटी नेट. फ्रेम गळणं आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, वाढणं हे दोन वेगळे आजार आहेत, पण दोन्हींनाही पोरं 'लॅग'च म्हणतात. पिंगच्या बाबतीत अंधेरीकर नशीबवान. जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या कित्येक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात, चांदिवलीत मोठी डेटा सेंटर आहेत, आणि व्हॅलोरंट व काउंटर-स्ट्राइक या दोन्हींचे सर्व्हर मुंबईत आहेत. तरी पिंग उडत असेल तर आधी इमारतीतल्या वीस राउटरांच्या गर्दीत अडकलेलं वायफाय सोडून लॅनची वायर ओढावी, मग केबलवाल्याला फोन करावा. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळायचं असेल तर गोष्ट वेगळी. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तिथेच लागतात, आणि केबल सरळ रेषेत जात नाही, श्रीलंकेला वळसा घालून जाते.